अर्धं काय राह्यलं

माय, खालच्या बिऱ्हाडातल्या वहिनींनी पुन्हा गहू भिजत घातलेत. कुरडयांचा पहिला घाणा झाला, आता लेकींच्या वाट्याचा दुसरा. उन्हाळ्यात नवीन जालन्यातल्या आमच्या गल्लीत हा आंबूस वास कुणाला खटकत नाही. मला खटकतो. मागचे कितीतरी दिवस मी खिडकी लावून घेत होते, पंखा वाढवत होते, टेबल कधी या भिंतीला तर कधी त्या भिंतीला सरकवत होते. वास जिन्यावरून चढून यायचाच. आज खिडकी सताड उघडी टाकून बसले आहे. तुला लिहायचं असं ठरवून बसले नव्हते. बसल्यावर हात चालला आणि पहिला शब्द ‘माय’ निघाला, मग खोडवेना. तू गेल्यापासून कुठल्या कुठल्या सभांत मी तुझ्याविषयी बोलले, माणसं रडवली, स्टेजवरून उतरल्यावर बायांनी माझे हात धरले. पण तुझ्याशी म्हणून एक वाक्य बोलले नाही. आज बोलते. मधेच उठले तर समजून घे, हल्ली मला एका जागी बसवत नाही.

तुझी नात आता स्पेनमध्ये असते. तू गेलीस तेव्हा ती तिसरीत होती, दोन वेण्या घालून तुझ्या मागे मागे करायची, तीच. शिकायला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून तिथेच राहिली. त्या मुलाची आई, म्हणजे माझी विहीण, केस कापायचं दुकान चालवायची. पहिल्या हिवाळ्यात आपल्या पोरीला ना भाषा येत होती ना ओळख होती, तेव्हा ही बाई तिला दुकानातल्या खुर्चीत बसवायची, केसांतून कंगवा फिरवायची आणि अखंड बोलत राहायची. पोरीला काही कळायचं नाही. पण बोलणं थांबायचं नाही आणि कंगवाही थांबायचा नाही. “डोक्याला हात लावून लावून तिनं मला भाषा शिकवली,” असं पोरगी म्हणते. ती बाई गेली, अचानक. महिना झाल्यावर घरच्यांनी पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी एकत्र जेवायचं आणि प्रत्येकाने तिच्याविषयी चार शब्द बोलायचे असं ठरवलं. पोरीने मला फोन केला. मोबाईलवर तिचं तोंड दिसत होतं, डोळ्यांखाली काळं आलेलं, कपाळावरचे केस वेडेवाकडे, डावीकडे भुवईच्या वर आणि उजवीकडे पार डोळ्यात.

“आई, मला रडू येत नाहीये.”

“मग नको रडू. शांत आहेस, हे चांगलंच आहे.”

“शांत नाहीये मी, कोरडी आहे. घास गिळत नाही. कामावर जाते, येते, भिंतीकडे बघत बसते. इथं माणसं येतात, मिठी मारतात, वाईट झालं म्हणतात, कॉफी पिऊन जातात. कुणी हेल काढत नाही.”

“काय काढत नाही?”

“हेल. आजी रडताना काढायची तसा. त्या रविवारी तू काढशील फोनवर?”

माय, मी ताडकन उठून उभी राहिले. तिला विचारलं, तुला हेल काय माहीत? या घरात तू तो कधी ऐकलास? तर हसली. महिन्याभरात पहिल्यांदाच हसली असावी. म्हणाली, “सुट्टीत मी गावी यायचे तेव्हा आजी मला न्यायची ना सोबत, कुणी गेलं की. येताना गुडदाणी घेऊन द्यायची. तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं आमचं.”

म्हणजे तू जातच होतीस. माझ्यासमोर तोंडाला कुलूप, आणि मी जालन्याच्या बसमध्ये बसले की पदर खोचून, माझ्याच पोरीचं बोट धरून दुसऱ्यांच्या दारात. मला राग यायला हवा होता. आलाही. पण तो आल्यावर त्याचं काय करायचं ते कळेना. मी पोरीला ठणकावून सांगितलं, “मी हेल काढणार नाही. मी बोलेन. त्यांच्या भाषेत बोलेन. आणि तुला रडवून दाखवीन. आधी ते केस नीट करून घे, कसे दिसतायत!” तिने केस कानामागे सारले आणि फोन ठेवला.

आता तुला हसू येईल. साठी ओलांडलेल्या तुझ्या लेकीने स्पॅनिशची शिकवणी लावली. पेरू नावाच्या देशातली एक बाई, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान, रोज संध्याकाळी मोबाईलवर शिकवते. इथे दिवेलागण झालेली असते आणि तिच्या मागे सकाळचं ऊन. चार वाक्यं जमल्यावर मी तिला सरळ इंग्रजीतच सांगितलं, मला भाजी-बाजार नको, मला माणसाच्या काळजाला हात घालणारी विशेषणं दे. तिने दिली. कोन्मोवेदोर म्हणजे आतून हलवणारं. देसगार्रादोर म्हणजे फाडून टाकणारं. एस्त्रेमेसेदोर म्हणजे अंगाला कापरं भरवणारं. आब्रुमादोर म्हणजे ज्याच्या ओझ्याखाली माणूस वाकतो ते. माय, मला हे शब्द पाहताक्षणी आवडले. वस्तू कशी आहे हे ते सांगत नाहीत, ती तुमचं काय करते ते सांगतात. प्रत्येक शब्द हातात हत्यार घेऊन उभा. मी आयुष्यभर असेच शब्द वापरून खाल्लं. हृदयद्रावक म्हटलं की मंडपात पदर डोळ्याला लागायचे. काळीज पिळवटून टाकणारं म्हटलं की पुढच्या रांगेतले म्हातारे मान खाली घालायचे. मला वाटलं, तेच तर करायचंय, फक्त हत्यारं दुसऱ्या गावची.

मी भाषण बसवलं. आपल्याकडे जयंतीच्या सभेत चढवत नेतात तसं, एकावर एक. तिचं जाणं हलवणारं, नव्हे हादरवणारं, नव्हे फाडून टाकणारं. तिची आठवण कापरं भरवणारी, वाकवणारी, अस्वस्थ करणारी. खोलीत येरझाऱ्या घालत, हात उंचावत मी ते मोबाईलसमोर म्हणून दाखवलं. पेरूची बाई ओठ दाबून ऐकत होती. शेवटी तिला आवरलंच नाही.

“सेन्योरा, रागावू नका. पण हे ऐकून मला तिकीट काढावंसं वाटलं.”

“कसलं तिकीट?”

“सिनेमाचं. आमच्याकडे पोस्टरवर असंच लिहितात. सगळे शब्द ओळीने. आणि सुरुवातीला तुम्ही त्यांच्या जाण्याला एमोसिओनांते म्हणालात ना, ते फुटबॉलच्या मॅचला म्हणतात. म्हणजे, खूप मजा आली असा अर्थ होतो.”

मी म्हटलं, बाई, आमच्याकडच्या माणसांना अशी भाषणं ऐकायला पाच-पाच कोसांवरून यावंसं वाटतं. ती म्हणाली, येत असतील. मग जरा थांबून म्हणाली, माणसाविषयी बोलायचं तर एक वेगळा शब्द आहे, एन्त्रान्याब्ले. पोटातल्या आतड्यांवरून आलेला. जे माणूस तुमच्या आतड्यात जाऊन बसलंय ते. हा एकच शब्द मला त्या सगळ्यांत आपल्याकडचा वाटला. आतडं तुटतं म्हणणाऱ्या बाया तिकडेही आहेत तर. मी तो लिहून घेतला आणि भाषणात सगळ्यात शेवटी बसवला, बाकीचे न काढता. मी कुणाचं ऐकलंय कधी?

त्या दिवसांत मला तू सारखी आठवायला लागलीस, आणि हवी तशी नाही. स्टेजवरची माझी माय मी तयार केलेली आहे, तिला मी ओळखते. ही दुसरीच यायची. मी सात-आठ वर्षांची असेन, तू आष्टीच्या रस्त्याने पुढे झपाझप चाललीस, मी मागे पळते आहे. शेजारच्या वस्तीवरून निरोप घेऊन आलेली बाई तुझ्या बरोबरीने चालली आहे. कुणीतरी गेलंय. तू रडत बिडत नाहीस. कामाला निघाल्यासारखी चालली आहेस आणि तिला विचारतेस,

“कव्हा गेली?”

“सकाळी, चहाच्या टायमाला.”

“अर्धं काय राह्यलं गं तिचं?”

“काय राह्यलं म्हंजे… दळण राह्यलं. चक्कीवर ठिवलेलं, आणायला जानार व्हती.”

“कशाचं?”

“ज्वारीचं.”

“बरं.”

एवढंच. मग त्या घराचं दार आलं आणि तू पदर डोक्यावरून ओढलास, छाती भरून श्वास घेतलास, आणि जे निघालं ते ऐकून मी कुडाला चिकटून उभी राहिले. चक्कीवर तुझं पीठ गं बाई, गार होऊन चाललं गं बाई, पोरं ताट घेऊन बसली गं बाई, हाक मारू कोणाला गं. दारातल्या गड्यांनी तोंडं फिरवली. मेलेल्या बाईचा नवरा सकाळपासून दगडासारखा बसलेला, तो उठला, आणि सगळ्यांच्या देखत चक्कीकडे चालू लागला. पीठ घेऊन आला, डबा तिच्या उशाशी ठेवला आणि मग कोसळला. घरी आल्यावर तू अंघोळ केलीस, दोन भाकरी खाल्ल्यास आणि म्हणालीस, “रडून लई भूक लागती बघ.” मी तुझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं तू खोटं रडलीस. पुढे पुस्तकं वाचल्यावर मला ते नुसतं वाटेनासं झालं, माझी खात्रीच झाली.

आणि त्या पुस्तकांवर माझा आजही विश्वास आहे, हे तुला सांगून ठेवते. आपल्या माणसांनी छप्पन साली जुनं सगळं खाली टाकलं ते पुन्हा मागच्या दाराने घरात घेण्यासाठी नव्हे. जे जन्मतं ते जातं, हे शांतपणे पाहायला शिकवणाऱ्याची आपण लेकरं. बाईने रडलंच पाहिजे, मोठ्याने रडलं पाहिजे, आणि कुणी किती रडली हे बाकीच्यांनी मोजलं पाहिजे, हा कसला धर्म? ज्या सुरात हेल निघायचा त्याच सुरात बाईच्या बांगड्या फुटायच्या. मी हे गावोगाव बोलले आहे. उद्या बोलवलं तर उद्याही बोलेन.

दादा गेले तेव्हा मी नुकतीच कॉलेजात शिकवायला लागले होते. जालन्याहून येईपर्यंत अंगण भरलं होतं. आत्या तुझ्या हाताला धरून तुला उंबऱ्यापाशी आणत होती, दुसरीच्या हातात बांगड्या फोडायला वरवंटा होता. तू पदर ओढलास. तुझी छाती वर आली, मला अजून दिसते, तू श्वास भरून घेतलास. आणि मी दारात आडवी उभी राहिले. हात वर केला, सभेत करते तसा. म्हणाले, “या घरात बांगड्या फुटणार नाहीत. या घरात हेलही निघणार नाहीत. आपण बुद्धाची माणसं आहोत.” वरवंटा खाली गेला. आत्या पुटपुटत मागे सरली, “शिकली म्हून बापाला रडू पन दीना ही.” तुझं तोंड उघडं होतं, ते तू मिटलंस. तो घेतलेला श्वास बाहेर पडलेला मी पाहिला नाही. तरण्या पोरांनी मला नंतर सांगितलं, ताई, काय बोललात! माझ्या वक्तृत्वाची सुरुवात लोक त्या दिवसापासून सांगतात.

मग काही महिन्यांनी तू भाकरी थापत होतीस, मी ओट्याला टेकून पेपर वाचत होते. हिरव्या काचेच्या बांगड्या पिठाने पांढऱ्या झालेल्या, थापताना वाजत होत्या. तू माझ्याकडे न बघता बोललीस.

“बांगड्या ठिवल्यास, ते ब्येस केलंस. बिलकुल ब्येस केलंस. पर माहा आवाज कामून काढून घेतलास?”

मी पेपर खाली ठेवला आणि तुला समजावायला लागले. दुःखाचं कारण, तृष्णा, सगळं. तू भाकर उलटलीस. म्हणालीस, “बराबर हाय, बराबर हाय. हं, ही घे, फुगलेली खा.” तुझं बराबर हाय म्हणजे विषय संपला. त्यानंतर तू मला ते कधी विचारलं नाहीस आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही. एका हाताने दोन गोष्टी थांबवल्या. त्यातली एक थांबवायलाच हवी होती. दुसरीविषयी मी आज तुझ्याशी भांडूही शकेन आणि हरूही शकेन. थांब, पाणी पिऊन येते.

आता रविवारचं सांगते. दुपारची वेळ, बाहेर ऊन मी म्हणत होतं. मोबाईल पुस्तकांच्या ढिगाला टेकवून ठेवला होता. तिकडे लांब टेबल, दहा-बारा माणसं, जावयाचा बाप टोकाला, काळ्या कोटात, टक्कल पडलेला, हात टेबलावर ठेवून बसलेला. आपली पोरगी त्याच्या शेजारी. केस तसेच, अजून कापलेले नव्हते. एकेकजण उठून बोलला. मग माझी पाळी आली आणि मी बोलले. माय, एक शब्द अडखळला नाही. आवाज लागला होता. हलवणारं, हादरवणारं, फाडून टाकणारं, सगळे शब्द आपापल्या जागी येऊन उभे राहिले आणि शेवटी तो आतड्याचा. माणसं मन लावून ऐकत होती. संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने छातीवर हात ठेवला. आणि मी पोरीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघून हसत होती, बक्षीस मिळालेल्या मुलीकडे पाहुणे हसतात तसं. डोळे कोरडे ठक्क. मला आयुष्यात कधी टाळ्या इतक्या लागल्या नव्हत्या. हजारो माणसांना रडवणारी मी, पोटच्या पोरीच्या डोळ्यात टिपूस आणू शकले नाही, आणि ती वाळून चालली होती.

तेवढ्यात दार ढकलून वहिनी आल्या. खालच्या मजल्यावरच्या. तीर्थपुरीकडच्या शेतकरी घरातल्या, मुलाला इथे बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून जालन्यात आल्या, त्यालाही बरीच वर्षं झाली. हातात ताटली, ताटलीत कुरडयांचा गरम चीक, वर तेल-मीठ. “म्याडम, गरम हाय तवर खाऊन घ्या,” म्हणत आत आल्या आणि फोनकडे बघून थबकल्या. काळे कपडे घातलेली माणसं त्यांनी ओळखली.

“कोण गेलं वो?”

“माझी विहीण. हिची सासू.”

“आगं माय!” ताटली त्यांनी माझ्या पुस्तकांवर ठेवली, डोक्यावरून पदर घेतला आणि फोनसमोर मांडी घालून बसल्याच. मला विचारलंसुद्धा नाही. “लेकरा, मी खालची मावशी. काय झाल्तं त्यायला?”

“हार्ट अटॅक आला, मावशी.”

“जीव लावायच्या का?”

“हो.”

“काय करायच्या?”

“केस कापायच्या. दुकान होतं.”

“आन् अर्धं काय राह्यलं गं त्यायचं?”

माय, मी समजत होते हा प्रश्न तुझा आहे, एकटीचा. तुझी काहीतरी युक्ती. आष्टीच्या रस्त्यावरचा प्रश्न तीर्थपुरीच्या बाईच्या तोंडून, माझ्या घरात, माझ्या पुस्तकांसमोर आला. पोरीचं हसू ओसरलं. तिने हळूच हात वर नेला आणि कपाळावरच्या त्या वेड्यावाकड्या केसांना लावला.

“हे,” ती म्हणाली. “एका बाजूनं कापले तिनं. मग गिऱ्हाईक आलं. म्हणाली, उद्या ये, दुसरी बाजू सारखी करते.”

आणि मी तिला म्हटलं होतं, केस नीट करून घे.

वहिनींनी श्वास भरून घेतला. तो श्वास मी ओळखला. आणि माझा हात वर उठला, माय. खोटं सांगत नाही. तसाच, त्या दिवशीसारखा, आपोआप. वहिनींनी हेल काढला. अर्ध्या केसाची लेक टाकली गं बाई, आरशाम्होरं बसवून गेली गं बाई, कंगवा घेऊन कोण येईल गं. त्यांनी जिला कधी पाहिलं नाही, जिचं गाव त्यांना नकाशात दाखवता येणार नाही, तिला त्या बहीण असल्यासारखं विचारत होत्या. माझा हात हवेत. मग तिकडून दुसरा आवाज आला. आपल्या पोरीचा. वहिनींची ओळ संपते तिथे तिने पुढची उचलली, अस्सल, तुझ्या चालीत, तुझ्याच जागी श्वास तोडत. ती टेबलावर डोकं ठेवून हेल काढत होती आणि तिकडची माणसं खुर्च्या सरकवून उभी राहिली. कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. टोकाचा तो म्हातारा उठून तिच्याजवळ आला, तिच्या कपाळावरच्या त्या केसांवर त्याने हात ठेवला, आणि तोही बापडा मोठमोठ्याने रडायला लागला. माझा वर गेलेला हात मी खाली आणला आणि फोन धरला. पुस्तकांवरून घसरत होता.

किती वेळ चाललं ठाऊक नाही. शेवटी वहिनींनी पदराने तोंड पुसलं, नाक शिंकरलं आणि मला म्हणाल्या, “चीक गार झाला बघा तुमचा. थांबा, गरम आणते.” आणि फोनकडे वळून, “लेकरा, तू बी खाय आता कायतरी. रडून लई भूक लागती.” पोरगी लाल डोळ्यांनी हसली. म्हणाली, “लागलीये, मावशी.” आणि माझ्यादेखत पाव तोडून खाल्ला. पुढे तीन दिवसांनी फोनवर दिसली ती केस कापून. सासऱ्यानेच कापले, दुकानातल्या कात्रीने. आणखी वाकडे झालेत. यावेळी मी काही बोलले नाही.

पेरूच्या बाईने विचारलं, कसा झाला कार्यक्रम? शिकवलेल्या विशेषणांत सांगा. मी खूप वेळ शब्द शोधला. एकेक पुढे आला, मी त्याला परत पाठवलं. मग मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, शेजारीण आली, तिने विचारलं, मुलीने केसांना हात लावला, मुलगी रडली, मग मुलगी जेवली. डोळे पुसून झाल्यावर त्या बाईने माझी दोन क्रियापदं दुरुस्त केली.

माझी मतं बदललेली नाहीत, एवढं लक्षात असू दे. वरवंट्यासमोर मी आजही आडवी उभी राहीन. पण काल कार्यकर्ते आले होते, ताई, दुःखमुक्तीवर बोला म्हणत होते, तर मी तारीख द्यायला टाळाटाळ केली. कारण विचारलं तर म्हटलं, तब्येत. तब्येत ठणठणीत आहे. गेले आठ दिवस मला एकच गोष्ट बसू देत नाही.

तू गेलीस तेव्हाही हेच दिवस होते. गावाकडच्या घरी पोचले तर तुझ्या खाटेखाली मोठ्या तपेल्यात गहू भिजत होते. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. तुझं पहिलंच पाणी बदलून झालं होतं. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेच्या आदल्या दिवशी घरभर वास सुटला. पाहुणे यायचे होते. मी ते तपेलं उचललं आणि परसात नेऊन ओतून दिलं. कोंबड्या धावल्या. हात धुतले आणि भाषणाची टिपणं काढायला बसले. दुसऱ्या दिवशी मंडपात मी पाऊण तास बोलले. त्यागमूर्ती म्हणाले, करुणेचा सागर म्हणाले, काळजाला घरं पाडणारी आठवण म्हणाले. अख्खा मंडप रडला. मी रडले नाही. नंतरही नाही. लोक म्हणाले, काय धीराची बाई आहे. गव्हाचं मी बोलले नाही. भाषणात कुणी गहू सांगतं का? त्या रस्त्यावर त्या बाईला जशी तू भेटली होतीस, तशी मला विचारणारी कुणी भेटली नाही. आणि भेटली असती तर मी तिला हात वर करून दारातच थांबवलं असतं.

उद्या वहिनी गहू पिळणार आहेत. मी म्हटलंय, मीही येते हाताखाली. त्या हसल्या, “म्याडम, तुमाला जमन का?” जमणार नाही, मला कुरडई येत नाही, तू शिकवत होतीस तेव्हा मी वाचत बसायचे. पण तिथे बसल्यावर, हात चिकात असताना, त्या बोलता बोलता विचारतील. विचारतीलच, मी ओळखते आता. तुमच्या मायचं अर्धं काय राह्यलं होतं? उत्तर एका शब्दाचं आहे. मोठ्या आवाजाची म्हणून नावाजलेली तुझी लेक सकाळपासून तो शब्द तोंडात धरून बसली आहे, आणि या रिकाम्या खोलीतसुद्धा तिने तो अजून मोठ्याने म्हणून पाहिलेला नाही.